श्रीमंत सयाजीराव महाराज : देह दुखणाईत, कार्य अखंड

वाडीतून कमाटीबागेकडे निघालो, की श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांच्या कारकिर्दीच्या खुणा पावलोपावली दिसतात. एवढा व्याप उभा करणारा राजा प्रकृतीने मोठा कणखर असला पाहिजे, असे आम्हांस सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी होती.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या ह्या मुलास अक्षरओळखही नव्हती. अवघ्या सहा वर्षांत, १८८१ च्या अखेरीस, राज्याचा सर्व भार त्यांच्या शिरावर आला. १८८५ साली पहिल्या पत्नी चिमणाबाई क्षयाने निवर्तल्या. अतिश्रम व दुःख ह्यांनी प्रकृती ढासळली. झोप नाहीशी झाली, मज्जातंतू दुर्बल झाले आणि पुढे संधिवातही जडला. डॉक्टरांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले. ह्या दुखण्यांनी त्यांची पाठ पुढे कधीच पुरती सोडली नाही.

अशा वेळी मनुष्य एक तर खचतो, नाही तर दुखणे नाकारून देहाचा नाश करतो. महाराजांनी दोन्ही टाळले. नियमित व्यायाम ठेवला, कामे अधिकाऱ्यांत वाटून दिली, पण महत्त्वाचे कागद परदेशीही मागविले. १८८९ साली गोविंद सखाराम सरदेसाई त्यांच्याकडे वाचक म्हणून रुजू झाले. त्या वाचनातूनच पुढे सरदेसायांच्या रियासती जन्मास आल्या.

महाराजांच्या प्रदीर्घ प्रवासांवर टीकाही पुष्कळ झाली. राजा दूर, खर्च मोठा, ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. इंग्रज सरकारही ह्या प्रवासांकडे संशयाने पाही. परंतु हवापालटासाठी गेलेला हा राजा रिकाम्या हातांनी परतत नसे. १९०६ साली अमेरिकेत त्यांनी ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली तेथील तज्ज्ञ बॉर्डन ह्यांस वडोदऱ्यास आणून खेडोपाडी ग्रंथालये नेली. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात केला व १९०६ साली तो राज्यभर लागू केला. १९०८ साली थोरले पुत्र फत्तेसिंहराव गेले. त्यानंतर आणखी दोन पुत्रांचे मृत्यू पाहावे लागले. तरीही ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस देह ठेवीपर्यंत राज्याची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती.

आज मल्टिपल स्क्लेरोसिससारखे मज्जासंस्थेचे चिवट विकार घेऊन शिकणारी, नोकरी करणारी, संसार चालविणारी माणसे आहेत. महाराजांचा विकार हा नव्हे. शिवाय त्यांच्यापाशी धन, डॉक्टर, सेवक सर्व काही होते. तेवढे सामान्य कुटुंबापाशी कोठून असणार? म्हणूनच दुखणाइतास नुसता धीराचा उपदेश करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. आपला एखादा सोबती थकून घरी पडला, तर त्या दिवशीचा धडा त्यास वाचून दाखवावा. राजासही वाचक लागला होता, हे आपण विसरू नये.