ऑगस्टस डी मॉर्गन
मदुराई येथे १८०६ साली जन्मलेल्या डी मॉर्गन यांचा एक डोळा बालपणीच निकामी झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी धर्ममताच्या प्रतिज्ञेवर सही नाकारली आणि तेथील पुढील पदवी गमावली. १८२८ मध्ये, धर्माची अट नसलेल्या लंडनच्या नव्या विद्यापीठात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे तर्कशास्त्रीय नियम आमची मुले बारावीत शिकतातच. परंतु दिल्लीचे शिक्षक रामचंद्र यांचा गणितग्रंथ त्यांनी १८५९ मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह लंडनमध्ये प्रसिद्ध करविला, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. १८६६ मध्ये जेम्स मार्टिनो यांना धर्मपंथामुळे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद त्याच संस्थेने नाकारले, तेव्हा साठीतल्या डी मॉर्गन यांनी राजीनामा दिला. पाच वर्षांनी ते निवर्तले.