महात्मा बसवेश्वर : पंक्तीपासून सोयरिकीपर्यंत

लातूर-नांदेडकडील आपल्या समाजास महात्मा बसवेश्वरांचा परिचय नव्याने करून द्यावयास नको. त्यांची कर्मभूमी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात आहे. आणि आपले निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत होते. अक्षय्य तृतीयेस आपण त्यांची जयंती साजरी करतो. त्या निमित्ताने त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीचे चिंतन येथे करावयाचे आहे.

बसवेश्वरांचे जन्मवर्ष सामान्यतः इ. स. ११३१ मानले जाते. विजापूरकडील बागेवाडी येथे मादरस व मादलांबिका या शैव ब्राह्मण दांपत्याच्या पोटी ते जन्मास आले. भगिनी नागम्मेस जो उपनयनाचा अधिकार नाही, तो आपणासही नको, असे सांगून त्यांनी बालवयातच गृहत्याग केला, अशी परंपरा आहे. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरील कूडलसंगम येथे त्यांचे अध्ययन झाले. पुढे मंगळवेढे येथे कलचुरी राजा बिज्जळ याच्या पदरी ते लेखनिक झाले व कल्याणास त्याचे मंत्री या पदास पोहोचले.

हाती सत्ता आलेला दयाळू पुरुष दलितांस थोडी सवलत देऊन समाधान मानता. बसवेश्वरांनी तसे केले नाही. देवळाचे दार उघडावे म्हणून याचना करण्याची पाळीच कोणावर येऊ नये, यासाठी इष्टलिंग प्रत्येकाच्या अंगावर आले. पुजाऱ्याची मध्यस्थी उरली नाही. कायकाच्या तत्त्वाने प्रामाणिक श्रम हीच पूजा ठरली. मग चांभाराची आरी आणि मंत्र्याची लेखणी यांत उच्चनीच कोठून राहणार? श्रमाच्या कमाईतून दासोह करावा, म्हणजे घेणारा आणि देणारा असा कायमचा भेदही राहू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

अनुभवमंटपात याचे प्रत्यक्ष रूप दिसले. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू होते. धोबी माचिदेव, नावाडी चौडय्या, दोर वळणारा चंदय्या, ढोर कक्कय्या, अक्कमहादेवी हे सर्व तेथे श्रोते म्हणून नव्हे, तर विचार मांडणारे म्हणून बसत. त्यांची वचने आजही अभ्यासली जातात. मादार चेन्नय्या व कक्कय्या यांच्या घरचे अपत्य म्हणवून घेण्यात बसवेश्वरांस धन्यता वाटे.

खरी कसोटी मात्र पुढे होती. चर्मकार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस हे दोघेही शरण झालेले. हरळय्यांचा पुत्र व मधुवरसांची कन्या यांचा विवाह ठरला. दोघेही शरण असता जात उरतेच कोठे, ही शरणांची भूमिका होती. एका पंक्तीस बसणे कल्याणच्या सनातन्यांनी कसेबसे सोसले होते. सोयरीक त्यांना सोसवली नाही. बिज्जळाने हरळय्या व मधुवरस यांस हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेण्याची शिक्षा दिली, असे परंपरा सांगते. कल्याणात रक्तपात झाला, बिज्जळाचा वध झाला, शरण पांगले. चन्नबसवण्णा उळवीकडे गेले. बसवेश्वर कूडलसंगमास परतले व ११६७ च्या सुमारास तेथेच लिंगैक्य झाले.

समाजबांधवहो, हे बलिदान सहिष्णुतेसाठी झाले नाही. दुसऱ्यास दुरून सहन करणे बिज्जळाच्या राज्यातही शक्य होते. हरळय्यांनी प्राण दिले ते त्यास घरचा माणूस मानण्यासाठी. आज आपल्याच समाजात वाणी, जंगम, पंचम, दीक्षावंत हे भेद सोयरिकीच्या वेळी आठवतात, आणि वधू-वर सूचीत पोटजातीचा रकाना आवर्जून भरला जातो. कक्कय्या व हरळय्या यांच्या वंशजांची गोष्ट तर दूरच राहिली; त्यांस जयंतीच्या मिरवणुकीत आपण मानाने बोलावतो, पण घरच्या कार्यात त्यांची आठवण किती जणांस होते?

तो रकाना कोरा ठेवण्याचे धैर्य ज्या घरास होईल, त्या घरी बसवजयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.