सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे : कमिशन ते राजौरी

राम राघोबा राणे यांच्या चरित्रकथनाचा आरंभ बहुधा ८ एप्रिल १९४८ या दिवसापासून केला जातो. त्यामुळे त्यांच्या पराक्रमाची पूर्वपीठिका झाकोळून जाते. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना कमिशन मिळाले, तेव्हा काश्मीरचे युद्ध सुरू होऊन सुमारे दोन महिने लोटले होते. अधिकारी म्हणून ते नवे होते. सैनिक म्हणून मात्र मुळीच नव्हते.

२६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिये येथे त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्यांमागून बदल्या होत व शिक्षणात खंड पडे. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे सैनिक म्हणून दाखल झाले. आराकानच्या मोहिमेत माघारीच्या वेळी मागे राहून महत्त्वाच्या ठिकाणांचा विध्वंस करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. ते उरकल्यावर जपानी गस्त असलेली नदी ओलांडून ती पुन्हा आपल्या डिव्हिजनला मिळाली. एकोणतिसाव्या वर्षी खांद्यावर आलेल्या ताऱ्यामागे अशी सात वर्षांची उमेदवारी होती.

कमिशननंतर त्यांची नेमणूक ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत झाली. मार्च १९४८ मध्ये झांगर पुन्हा हाती आले आणि राजौरीकडे कूच ठरले. नौशेरा-राजौरी मार्ग शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून रोखला होता; तो मोकळा झाल्याखेरीज रणगाडे पुढे सरकणे अशक्य होते. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले व पाच जखमी झाले. त्या जखमींत ते स्वतःही होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. सरकत्या रणगाड्याच्या पोटाखाली त्याच्याच गतीने रांगत आणि दोरीने चालकास इशारे देत ते सुरुंग असलेल्या जागेपर्यंत पोहोचले. शौर्य या शब्दाने आपल्या मनात उभ्या राहणाऱ्या चढाईच्या चित्राशी हे दृश्य जुळत नाही. येथे हातघाई नाही. आहे ती इंचाइंचाची, कारागिराची सावधानता. ११ एप्रिलपर्यंत हे काम अखंड चालले आणि रणगाडे राजौरीस पोहोचले.

२१ जून १९५० रोजी त्यांचे परमवीरचक्र जाहीर झाले. हा सन्मान हयातीत लाभलेले ते पहिलेच सैनिक होत. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाल्यावरही १९७१ पर्यंत ते पुन्हा सेवेत होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.