शंकर बाळकृष्ण दीक्षित : आकाश आणि पंचांग

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीनजीकच्या मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षण घेतल्यावर रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या शिक्षकाने भारतीय ज्योतिषाचा पहिला समग्र इतिहास मराठीत लिहिला.

त्यांच्या आयुष्याला वळण लावणारा प्रश्न पंचांगाचा होता. महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून होत आणि त्यातील ग्रहस्थिती वेधांशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून गणित शुद्ध केले. परंतु राशिचक्र निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेलेच ठेवले. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. त्यामुळे मकरसंक्रांत प्रत्यक्ष उत्तरायणारंभानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येऊ लागली होती. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. शके १८०६ (१८८४) पासून ते प्रसिद्ध होऊ लागले.

ही सुधारणा केवळ गणिताची नव्हती. सायन संक्रांत आधी येत असल्याने बहुतेक वर्षी चांद्रमासाचे नाव बदलते आणि सण महिनाभर अलीकडे येतात. आकाशाशी इमान राखावे तर घराघरांतील व्रतवैकल्ये हलतात, हा खरा पेच होता. लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही.

या पराभवामुळे दीक्षितांच्या इतिहासलेखनाचा तोल ढळला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी आपल्या मताची बाजू घेतली, तरी विरुद्ध पक्षाच्या ग्रंथांचाही तपशीलवार परामर्श घेतला. गणित, संहिता आणि जातक हे तिन्ही स्कंध त्यांनी ऐतिहासिक क्रमाने मांडले. वेदांत नक्षत्रे आहेत, पण बारा राशी व सात वार यांची नावे नाहीत, या भेदाला त्यांनी कालनिर्णयात महत्त्व दिले. प्रचलित जातकाची घडण राशींवर उभी असल्याने ती उत्तरकालीन ठरते, हे त्यावरून उघड होते. शतपथ ब्राह्मणातील कृत्तिकांच्या पूर्वदिशेच्या उल्लेखावरून त्यांनी त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे मानला. पुढील अभ्यासकांनी या अनुमानावर आक्षेप घेतले. तथापि संपातचलनाच्या आधारे वाङ्मयाचा काळ शोधण्याची त्यांची पद्धत चर्चेत राहिली. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही १८९६ मध्येच निघाला.

‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात हेच आकाश त्यांनी सामान्य वाचकासाठी उलगडले. गणिताची परिभाषा आणि बोलीतील सहजता यांचा मेळ घालणारे हे गद्य एकोणिसाव्या शतकातील मराठी शास्त्रीय लेखनाचा एक उत्तम नमुना आहे.

१८९८ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, दीक्षितांचे निधन झाले. १९५७ साली भारताने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा तिचे नागरी वर्ष सायन ठेवण्यात आले; धार्मिक पंचांगे मात्र बहुतांशी निरयनच राहिली. दीक्षितांनी ज्या दोन निष्ठांमधील अंतर मोजले होते, ते अशा रीतीने मिटले नाही. त्याची केवळ वाटणी झाली.