चार्लस डार्विन आणि मनोविकारांचा अभ्यास

मनोविकार चेहऱ्यावर कसे उमटतात याचा शास्त्रीय रीतीनें शोध घेणाऱ्यांत चार्लस डार्विन यांचें नांव अग्रभागीं येतें. १८०९ सालीं इंग्लंडांत श्रूजबरी येथें जन्मलेले हे गृहस्थ केंब्रिजला धर्मोपदेशक होण्यासाठीं गेले व पुढें सृष्टिशास्त्रज्ञ झाले, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. १८३९ सालीं त्यांना पहिला पुत्र झाला. त्या तान्ह्या बालकाचें रडणें, हंसणें, रागावणें ते टिपून ठेवूं लागले.

१८६७ च्या सुमारास त्यांनीं देशोदेशीं एक छापील प्रश्नावली धाडली. आश्चर्य वाटल्यास डोळे विस्फारतात काय, लाजेनें चेहरा लाल होतो काय, असे साधेच प्रश्न. छत्तीस उत्तरें आलीं. त्यांतील कित्येक मिशनऱ्यांचीं होतीं. मुंबई इलाख्यांत अहमदनगरास राहिलेल्या अर्स्किन नामक साहेबांनींही निरीक्षण केलें. परंतु युरोपियनांसमोर येथील लोक मनोविकार झांकतात, त्यामुळें खात्रीलायक अनुमान काढणें त्यांना कठीण गेलें. डार्विन यांनीं ही अडचण १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रांजळपणें नमूद केली. आम्हांस तें स्थळ फार मोलाचें वाटतें. सत्ता साहेबलोकांच्या हातीं. त्यांच्यापुढें रयत मन उघडें करील कशाला?

१८८२ सालीं डार्विन निवर्तले. मुख्य मनोविकारांच्या खुणा जगभर सारख्याच, या त्यांच्या मतावर मानसशास्त्रज्ञांत आजही वाद आहे. इकडे भाईंदरच्या आमच्या वर्गांत, आम्ही दारांत उभे राहिलों कीं खिदळणें थांबतें आणि सारे चेहरे एकदम कोरे होतात. ते आम्हांस अद्याप वाचतां आलेले नाहींत.