तबकडीतले खाँसाहेब

अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मूळचे कैरान्याचे, पण स्थिरावले मिरजेत. त्यांची मैफल ऐकण्याचं भाग्य थोड्यांचं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या मात्र गावोगाव पोचल्या. ज्यांच्या घरी फोनो नव्हता, ते दुकानाबाहेर उभे राहून ऐकत. गदगला अशीच त्यांची ठुमरी एका शाळकरी पोराच्या कानी पडली, असं भीमसेन जोशी पुढे सांगत. तो पोरगा म्हणजे तेच. १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडलं. (आईवडिलांच्या जिवाचं काय झालं असेल, हे आपण रसिक सोयीनं विसरतो!) पुष्कळ भटकून ते अखेर कुंदगोळला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी पोचले. खाँसाहेब १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर, एका रेल्वे स्थानकात गेले. दफन मिरजेच्या दर्ग्यात झालं. तिथं उरुसाला अजून गाणं होतं.