भाऊसाहेब निंबाळकर
भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१२ डिसेंबर १९१९, कोल्हापूर – ११ डिसेंबर २०१२, कोल्हापूर) हे भारतीय क्रिकेटपटू होते. फलंदाजीबरोबरच ते मध्यमगती गोलंदाजी व यष्टिरक्षणही करीत. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्धच्या रणजी करंडक सामन्यात त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी होण्यास ९ धावा उरल्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची ही सर्वोच्च खेळी होय. ८० प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४७.९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा केल्या व ५८ बळी घेतले. तथापि भारताकडून अधिकृत कसोटी सामना खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही.